जाळं रिकामं आलं तरी धुवायचं

माझं माहेर श्रीरामपूरकडचं, हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला न चुकता जाणारं. सासर गोव्यातल्या बाणावलीचं. इथे वाटेवरच्या खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, लदीन होतं, म्हणजे सगळ्यांनी जमून म्हणायची प्रार्थना. लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात तेर्साचा, म्हणजे जपमाळेचा, एक दशक म्हणायची पाळी माझ्यावर आली. दशक म्हणजे दहा नमान, मरियेच्या छोट्या प्रार्थना. कोंकणी पुस्तक रोमन लिपीत. तिसऱ्याच नमानाला जीभ अडकली, मागची पोरं फिदीफिदी हसली आणि उरलेलं मांयने, म्हणजे सासूबाईंनी, निभावून नेलं.

पुढची दोन वर्षं लदीन आलं की मी उकडलेले चणे वाटायच्या कामात. वाईट म्हणजे घरात एकटीने करायची प्रार्थनाही हळूहळू सुटली. चुकणारच आहे, तर कशाला?

यातून मी कशी निघाले ते सांगते. तुम्हालाही जमेल.

आधी भीती कागदावर लिहा. मनात मोजू नका, पेनच घ्या. मी लिहिलं: पोरं हसतील, मांयला कमीपणा येईल, जावा बोलतील. वाचून पाहिलं, तर यादीत देवाचं नावच नव्हतं!

मग बायबलातले लूक ५ आणि योहान २१ हे अध्याय एकाच बैठकीत वाचा, तेही ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत. मी मराठीत वाचलं. त्याची लाज वाटायची, पण फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण १६१६ साली इथेच, राशोलला, रोमन अक्षरांत छापलं होतं. मग मी कशाला लाजू?

लूकमध्ये रात्रभर एक मासा न मिळालेले कोळी काय करत असतात? जाळी धूत असतात. आमच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना हे मी कितीदा पाहिलंय. कधी नुसता कचराच येतो. माणसं शिव्या घालतात, जाळं झटकतात, वाळत टाकतात. योहानात तर येशूचा शिष्य पेत्र त्याला तीनदा नाकारून बसलेला. नाकारलं तेव्हा तो कोळशांच्या विस्तवाशी शेकत होता. आता किनाऱ्यावर पुन्हा तसाच विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर. येशू आधी खाऊ घालतो, मग विचारतो. तेही ‘असं का केलंस’ नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस का’, एवढंच, तीनदा. या जागी थांबा. घाई करू नका. मी आठवडाभर तिथेच होते.

रोज पाच मिनिटं ठरवा. त्या दिवशी काय बिघडलं ते साध्या शब्दांत देवाला सांगा: पोरावर खेकसले, प्रार्थना टाळली. मग येशूने शिकवलेली ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना एकदा. चार दिवस बुडाले तर चार दिवसांची थकबाकी भरायला बसू नका, नाहीतर पाचवाही बुडतो. मी तेच करायचे. आणि अडखळणं म्हणजे पाप नव्हे. मी ते कुमसारात, म्हणजे पाद्र्याजवळ पापं कबूल करताना, सांगितलं, तेव्हा पाद्री म्हणाले, याला प्रायश्चित्त नाही, सराव लागतो.

सराव मायेच्या माणसासमोर करा. मांय आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवायची आणि मी शेजारी बसून एकेक नमान म्हणायचे. चुकलं की ती खवणं थांबवायची. बोलायची नाही. मी परत म्हणायचे.

संत जोजे वाझ १६५१ साली आमच्याच गावात जन्मले. पोर्तुगीज हेर समजून त्यांना श्रीलंकेतल्या कँडीत कैदेत टाकलं, तर तिथे ते सिंहली शिकले. मी निदान स्वयंपाकघरात होते.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा दशक म्हटला. चौथ्या नमानाला अडकले, श्वास घेतला, परत म्हटलं. पोरं हसलीच. संपल्यावर त्यांनाच चणे दिले, जरा जास्तच.