फोनला डॅक जोडताय? दुकानदाराशी भांडण्याआधी या चुका टाळा

२०१६ साली अ‍ॅपलने आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढला, मग एकेक करत बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला. आता सोलापुरात नवी पेठेतल्या मोबाइल दुकानांत कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासच्या शेजारीच टाईप-सीचे डोंगल टांगलेले असतात. जरा भारी माल हवा असला की लोक फिओ, आयफाय, मूनड्रॉप असल्या कंपन्यांचा डॅक ऑनलाइन मागवतात. पार्सल येतं, जेवणं उरकल्यावर हेडफोन कानाला लागतो आणि अर्ध्या तासात ओळखीच्या जाणकाराला मेसेज जातो : "डॅक डेड आलाय. परत करू का?"

करू नका, निदान लगेच तरी नको. डॅक म्हणजे फोनमधल्या आकड्यांचं कानाला ऐकू येईल अशा संकेतात रूपांतर करणारी चिप, आणि ती सहसा मरत नाही. फोन आणि डॅक यांच्यामधल्या वीतभर अंतरातच बहुतेक वेळा गडबड असते. एक तर वायर चुकीची, नाहीतर पिनमध्ये कचरा, नाहीतर फोनमधलं एखादं बटण बंद.

"टाईप-सी म्हणजे टाईप-सीच की ओ साहेब"

काउंटरवर हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं आणि पहिली फसगत इथेच होते. टाईप-सीतून ३.५ मिमीचा जॅक काढून देणारे अडॅप्टर दोन जातींचे असतात, बाहेरून मात्र दिसायला अगदी सारखे. एकात डॅक चिप असते. दुसऱ्यात चिप नसते, नुसत्या तारा असतात. फोनने आतल्या आत आवाज तयार करून टाईप-सीच्या पिनांवर सोडला, तरच हा दुसरा अडॅप्टर चालतो. ही सोय काही फोनांत असते आणि बऱ्याच फोनांत नसते. त्यामुळे तोच अडॅप्टर भावाच्या फोनवर वाजतो आणि तुमच्या फोनवर मुका राहतो. घेताना "यात डॅक आहे का?" असं स्पष्ट विचारा. पाकिटावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ असं काही छापलेलं असेल तर चिप असण्याची शक्यता जास्त. पण खरी परीक्षा म्हणजे पैसे देण्याआधी आपल्याच फोनला लावून बघणं.

वेगळी वायर लागणाऱ्या डॅकची तऱ्हा आणखी निराळी. घरातल्या ड्रॉवरमधल्या निम्म्या वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, डेटाच्या तारा त्यांत नसतातच. जुन्या मायक्रो-यूएसबीच्या डॅकला ओटीजी (फोनला बाहेरचं उपकरण चालवू देणारी) वायर लागते आणि तिची दोन टोकं सारखी नसतात. फोनकडच्या टोकात एक जादा पिन जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडलेली असते. तिच्यावरूनच फोनला कळतं की इथे आपण मालक आणि समोरचा पाहुणा. वायर उलटी लावली की दोघंही पाहुणे होऊन बसतात, वीज कुणीच देत नाही आणि डॅकचा दिवा लागत नाही.

टाईप-सीत हा निवाडा सीसी नावाच्या पिनांवर होतो. काही स्वस्त उपकरणांत त्या पिनांवरचे रेझिस्टर बसवलेलेच नसतात. अशा डॅकला दोन्ही बाजूंनी टाईप-सी असलेली वायर लावली तर काही होत नाही. तीच जोडणी लहान ओटीजी अडॅप्टर आणि यूएसबी-ए ते टाईप-सी वायर वापरून करा, डॅक चटकन उठतो. माल परत पाठवण्याआधी शे-दोनशे रुपयांचा हा प्रयोग करून बघाच.

आणि ज्या डॅकमध्ये स्वतःची बॅटरी आहे त्यावर बहुधा दोन पोर्ट असतात. आयफायच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या हिप-डॅकचंच घ्या. त्यावरचं टाईप-सी भोक फक्त चार्जिंगचं, गाणी जातात ती आत खोल बसवलेल्या यूएसबी-ए मधून. लोक सवयीने टाईप-सीत वायर खुपसतात. फोन डॅकला इमानदारीत चार्ज करत बसतो, आवाज कुठला यायला! याच कंपनीच्या बॅटरीवाल्या डॅकची आणखी एक खोड म्हणजे आधी डॅक चालू करायचा आणि मगच फोनला जोडायचा. क्रम उलटा झाला तर डॅक स्वतःची बॅटरी सोडून फोनची वीज ओढायला लागतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्यांनी हे आधी बघा

यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा टॉवेलच्या कारखान्यात दिवस जात असेल तर फोनचं पोर्ट एकदा टॉर्च लावून बघा. सुताची बारीक धूळ खिशात जाते, खिशातून पोर्टमध्ये शिरते, आणि रोज चार्जर खुपसला की तळाशी दाबून दाबून तिचा घट्ट थर बसतो. चार्जिंग होत राहतं म्हणून कुणाला शंका येत नाही. पण डॅकची पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहते, फोन हलला की गाणं तुटतं, कधी एकाच कानात येतं. फोन बंद करा, लाकडी टूथपिकचं टोक जरा चपटं करा आणि कडेकडेने हलक्या हाताने उकरा. करड्या रंगाचा छोटा लोळा निघतो. सुई किंवा सेफ्टी पिन मुळीच घालू नका, मधल्या पट्टीवरचे संपर्क ओरखडले की पोर्टच बदलावं लागतं.

फोनमधलं बटण

ओप्पो, रिअलमी, वनप्लस आणि विवोच्या बऱ्याच फोनांत ओटीजी मुळातच बंद असतं. सेटिंगमध्ये जाऊन "ओटीजी कनेक्शन" शोधा आणि चालू करा. काही वेळ वापर झाला नाही, अनेक मॉडेलांवर दहा मिनिटं, की ते आपोआप पुन्हा बंद होतं. काल वाजत होता, आज वाजेना, या तक्रारीचं मूळ बरेचदा एवढंच असतं. पोराने कधी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हात घातला असेल तर तिथेही डोकवा. यूएसबीकडे आवाज वळवणं बंद करणारा एक पर्याय तिथे असतो, तो चालू राहिला असेल तर डॅक ओळखला जातो पण गाणं फोनच्याच स्पीकरवर वाजतं.

अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, यूएसबी डॅकची सोय अँड्रॉइडमध्येच आहे. त्याआधीचा जुना टॅब कपाटातून काढून त्यावर डॅक चालवायचा हट्ट सोडलेला बरा.

वीज पुरत नाही

लायटनिंगच्या, म्हणजे अ‍ॅपलच्या जुन्या पोर्टच्या आयफोन-आयपॅडवर हा त्रास जास्त. साधी लायटनिंग ते यूएसबी वायर इथे चालत नाही, अ‍ॅपलचा कॅमेरा अडॅप्टर लागतो. एवढं करूनही "या उपकरणाला जास्त वीज लागते" अशा अर्थाची पाटी स्क्रीनवर येते, कारण ते पोर्ट फार कमी करंट देतं. चार्जरसाठी वेगळं भोक असलेला यूएसबी ३ कॅमेरा अडॅप्टर घेतला की काम भागतं. २०२३ च्या आयफोन १५ पासून टाईप-सी आलं आणि ही कटकट बरीचशी मिटली. टेबलावर ठेवायचा मोठा डॅक असेल तर मात्र फोन कुठलाही असो, डॅकला स्वतंत्र अडॅप्टरवर वीज द्या.

गाणी ऐकता ऐकता चार्जिंग करून देणारे दोन तोंडांचे डोंगल मिळतात. त्यांतल्या कित्येकांचं एक तोंड चार्जिंग करतं आणि तेवढ्यात दुसरं गप्प बसतं. विकत घेताना दोन्ही एकदम चालवून दाखवायला सांगा.

चार्जर लावल्याबरोबर "घूंऽऽ" असा आवाज सुरू झाला तर घाबरू नका. चार्जर काढा. आवाज गेला तर डॅक ठणठणीत आहे, ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या ग्राउंड तारांची आपसात पडलेली गाठ) किंवा हलका चार्जर हे कारण. फोन, डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डवर घेऊन बघा. लाईट गेल्यावरच आवाज येत असेल तर इन्व्हर्टरकडे बोट दाखवा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखासुद्धा गुणगुणतो, अ‍ॅम्प्लिफायरला तर निमित्तच मिळतं.

वाजतोय, पण फरक काय पडला?

ही तक्रार मला सगळ्यात रास्त वाटते, कारण पैसे मोजूनही पुष्कळांचा डॅक अर्धपोटीच चालतो. अँड्रॉइडची रीत अशी की सगळ्या अ‍ॅपचे आवाज एकत्र कालवून एकाच दराने (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, त्या हिशोबाने) बाहेर सोडायचे, बहुधा ४८ किलोहर्ट्झने. सीडी मात्र ४४.१ची. म्हणजे सीडीवरून उतरवलेलं कुमार गंधर्वांचं भजन असो की १९२ची फाइल, वाटेत दोन्ही बदलून डॅककडे जातात.

हे डोळ्यांनी बघता येतं. ऑडिओक्वेस्टच्या ड्रॅगनफ्लायवर चतुराचं छोटं चित्र आहे, ते ४४.१ला हिरवं आणि ४८ला निळं उजळतं. सीडीची फाइल लावा. चतुर निळा झाला तर फोनने मध्ये ढवळाढवळ केली, हिरवा राहिला तर फाइल जशीच्या तशी पोचली. तुमच्या डॅकवर रंगाचा दिवा किंवा आकडे असतील तर त्यांचा अर्थ पुस्तिकेत असतो, आणि ती पुस्तिका बॉक्ससकट माळ्यावर गेलेली असते.

उपाय दोन. यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो किंवा हायबी म्युझिकसारखं अ‍ॅप अँड्रॉइडला बाजूला सारून थेट डॅकशी बोलतं. दुसरा, अँड्रॉइड १४ मध्ये आवाज न बदलता पाठवायची सोय आली, पण फोन आणि अ‍ॅप दोघांनी ती वापरली तरच. आयफोनवर अ‍ॅपल म्युझिक गाण्याप्रमाणे दर स्वतःच बदलतं. तिथे लोकांची चूक वेगळीच : लॉसलेस, म्हणजे गाण्यातलं काहीही न गाळता पाठवणं, मुळात चालूच केलेलं नसतं. ते सेटिंगमध्ये जाऊन हाताने चालू करावं लागतं. मात्र डेटा सांभाळा. अ‍ॅपलच्याच हिशोबाने ३ मिनिटांचं गाणं लॉसलेसमध्ये सुमारे ३६ एमबी आणि हाय-रेझमध्ये, म्हणजे त्याहून वरच्या दर्जात, १४५ एमबी खातं. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर हाय-रेझच्या दहा गाण्यांत संपला.

डॅक ९६च्या पुढे जातच नसेल तर तो यूएसबी ऑडिओ क्लास १ मध्ये अडकलाय का बघा. १९९८ चा तो नियम २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर थांबतो, पुढचे दर २००६ च्या क्लास २ मध्ये आले. गेमिंग कन्सोलसाठी काही डोंगलवर जुना मोड ठेवलेला असतो आणि बटण चुकून दाबलं गेलं की डॅक तिथेच राहतो.

कान आणि अ‍ॅम्प्लिफायर वाचवा

थेट डॅकशी बोलणारं अ‍ॅप पहिल्यांदा लावताना हेडफोन कानात घालून बसू नका. अशा वेळी फोनचं व्हॉल्यूम बटण निकामी होऊ शकतं आणि गाणं पूर्ण ताकदीने आदळतं. हेडफोन टेबलावर ठेवा, गाणं चालू करा, आवाज हातात आला की मग घाला. याच्या उलट, अ‍ॅपलचा छोटा टाईप-सी डोंगल अनेक अँड्रॉइड फोनांवर फारच हळू वाजतो. तो बिघाड नव्हे, अँड्रॉइड त्याचा आतला व्हॉल्यूम वर चढवत नाही, इतकंच.

४.४ मिमीचं बॅलन्स्ड भोक असेल तर त्यातून ३.५ मिमी काढणारा अडॅप्टर अजिबात लावू नका. बॅलन्स्डमध्ये डाव्या-उजव्याच्या ऋण तारा वेगळ्या असतात. अडॅप्टर त्या एकत्र बांधतो आणि डॅकचा आउटपुट शॉर्ट होतो. डॅक खरोखर मरायची ही एक वाट. उलट दिशेने, म्हणजे बॅलन्स्ड वायरीचा हेडफोन ३.५ मिमीच्या भोकात अडॅप्टरने घालायला हरकत नाही.

वडिलांच्या काळातला अ‍ॅम्प्लिफायर अजून जिवंत असेल तर डॅक त्याच्या ऑक्स किंवा सीडी इनपुटला जोडा, फोनोला नाही. फोनो रेकॉर्ड प्लेयरच्या अगदी क्षीण संकेतासाठी असतं. डॅकचा दोनेक व्होल्टचा लाईन आउट तिथे घातला की फाटका, भसाडा आवाज येतो. शिवाय फोन "व्यत्यय नको"वर टाका, नाहीतर आलाप रंगात असताना व्हॉट्सअ‍ॅपची टिंग अख्ख्या वाड्याला ऐकू जाते.

खिशात लोंबकळणारा डोंगल हुतात्मा एक्सप्रेसच्या गर्दीत पोर्ट ढिलं करतो. वीतभर लवचिक वायरीचा घ्या. मे महिन्यात डोंगल कोमट लागणारच, त्याची चिंता नको, फक्त गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात सोडू नका.

एवढं सगळं करूनही डॅक बोलेना, तर तो एकदा लॅपटॉपला लावा. विंडोज १० च्या २०१७ पासूनच्या आवृत्त्या क्लास २ चा डॅक वेगळा ड्रायव्हर न घालता ओळखतात. लॅपटॉपवर वाजला तर दोष फोनच्या बाजूला आहे, तिथेही मुका राहिला तर बिल शोधा. दुकानात जाताना डॅकबरोबर तुमचा फोन, तीच वायर आणि तोच हेडफोन घेऊन जा, म्हणजे दुकानदाराला स्वतःच्या फोनवर वाजवून दाखवून तुम्हाला वाटेला लावता येणार नाही.