अंदमानला पोरं घेऊन जाताना: बॅगेआधीची आणि बॅगेतली तयारी

दरवर्षी मे महिन्यात पेपरात एक बातमी येते: 'मोसमी वारे अंदमानात दाखल'. घामाने चिकचिकलेल्या आपल्याला ती वाचून बरं वाटतं. त्याच आठवड्यात पोरांना घेऊन तिथल्या धक्क्यावर बोटीची वाट बघत बसलेल्यांना मात्र विचारू नका. म्हणून यादीत पहिली गोष्ट तारीख. पाऊस तिथे मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोचतो, त्यामुळे 'निकाल लागला की निघू' हा बेत अंदमानला चालत नाही. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ. डिसेंबर ते एप्रिल उत्तम. त्यात नाताळ महाग आणि गर्दीचा. आम्ही शेवटी फेब्रुवारीत थोरलीची पाच दिवस शाळा बुडवली आणि बाईंना खरं कारण सांगून टाकलं. थोरली नऊ वर्षांची, धाकटा साडेचार, आणि बरोबर सासूबाई. पुढचं सगळं या तिघांच्या हिशेबाने लिहिलंय.

तिकिटं काढण्याआधी घड्याळाचा हिशेब करा. घड्याळ तिथेही आपलंच, पण सूर्य मुंबईपेक्षा सव्वा तासाहून अधिक आधी उगवतो आणि मावळतोही तासभर तरी आधी. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो. आपल्याकडे ज्या वेळेला मुलं दूध पिऊन खाली खेळायला जातात, त्या वेळेला तिथे दिवस संपतो. 'दुपारी जेवून, जरा लवंडून, चार-साडेचारला बीचवर' हा घरचा शिरस्ता पाळलात तर बीच धड न बघताच परत यावं लागेल. पहिल्या दिवशी आमचं तेच झालं: पोरांनी पाण्यात पाय घातले आणि जीवरक्षकाने शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढलं. तेव्हा मुलांना पहाटे साडेपाचला उठवायची सवय निघण्याच्या चार-पाच दिवस आधीच लावा. उठवायला त्रास होणारच, पण तिथली सकाळ खरोखर त्या त्रासाच्या तोडीची आहे.

आता बेटांचा क्रम. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४मध्ये श्रीविजयपुरम झालं, हॅवलॉक २०१८पासून स्वराज द्वीप आहे आणि नील शहीद द्वीप. लोक बोलताना जुनीच नावं घेतात, तिकिटावर मात्र नवी दिसू शकतात. हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर धक्क्यावर सासूबाई विचारतात, "अगं, आपल्याला हॅवलॉकला जायचंय ना, मग ही बोट कुठली?" खासगी बोट हॅवलॉकला साधारण दीड तासात पोचवते, सरकारी फेरीला अडीच तास लागतात. समुद्र खवळला तर दोन्ही रद्द होतात, आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. म्हणून माझा एकच कडक नियम: परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. नीलवरून सकाळी बोट आणि दुपारी विमान असा बेत टूरवाला छान कागदावर मांडून देतो, पण तो मान्य करू नका. मुंबई-पुण्याहून जाताना बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलावं लागतं, त्यामुळे एक विमान चुकलं की पुढचंही जातं. सहा रात्री असतील तर दोन हॅवलॉक, दोन नील, दोन पोर्ट ब्लेअर. याहून जास्त बेटं गोळा करू नका. बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा सुंदर आहेत, पण त्यासाठी मध्यरात्र उलटताच उठून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्याबरोबर जावं लागतं. तिथे थांबायला, फोटो काढायला, खाऊ द्यायला कायद्याने बंदी आहे. साडेचार वर्षांच्या पोराला 'शू आली तरी थांबता येणार नाही' हे समजावणं मला जमलं नसतं. आणि खिडकीतून माणसं बघायला जायचं हेही मनाला पटेना. तो दिवस आम्ही गाळला.

कागदपत्रं थोडीच, पण सगळ्यांची. बोटीच्या तिकिटाला प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, पोरांचंही. आधार मूळ आणि झेरॉक्स दोन्ही घ्या, दोन वर्षांखालचं बाळ असेल तर जन्मदाखला. परदेशातून आलेले भाचे-पुतणे बरोबर असतील आणि त्यांचा पासपोर्ट परदेशी असेल, तर विमानतळावर त्यांची नोंद करावी लागते. त्यांचे मूळ पासपोर्ट कुणाच्या तरी हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको. रोख पैसे जवळ ठेवा. २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट सुधारलंय, तरी छोट्या बेटांवर रेंज जाते. मग नारळवाल्यासमोर उभं राहून फोन आकाशाकडे धरायची वेळ येते. हॉटेलची, बोटीची, विमानाची सगळी तिकिटं कागदावर छापून घ्या, आणि पोरांची कार्टून्स घरीच उतरवून ठेवा.

बोट लागण्याचं प्रकरण गंभीरपणे घ्या. खासगी बोटी बंदिस्त आणि एसीवाल्या. वारा नाही, वरून थंडी. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना इथे बोट लागणार हे धरूनच चला. मुलांच्या डॉक्टरांना वजन सांगून गोळी लिहून घ्या आणि त्यांनी सांगितलेल्या वेळीच द्या. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर येते. आलेपाकाच्या वड्या, लिमलेटच्या गोळ्या, एक रिकामी जाड पिशवी आणि प्रत्येकाला एक स्वेटर. हो, अंदमानला स्वेटर. फक्त त्या दीड तासासाठी. निघण्याआधी पोट रिकामं नको आणि भरगच्चही नको. सासूबाईंनी सकाळी दोन खाकरे खाल्ले आणि एकट्या त्याच काय त्या ठणठणीत राहिल्या.

औषधांच्या डब्यात ताप मोजायचं यंत्र, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, अ‍ॅलर्जीचं औषध, जखमेवरचं मलम, पाण्याने न सुटणाऱ्या पट्ट्या. मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे. हॅवलॉक-नीलवर जुजबी सोय असते. दमा, फिट्स असं काही असेल तर औषधं दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. वाळूवर एक बारीक माशी चावते. डोळ्यांना धड दिसत नाही, पण घोट्यांवर पुळ्या उठतात आणि चार दिवस खाजतात. उपाय साधा: सकाळ-संध्याकाळ पोरांना थेट वाळूत लोळू द्यायचं नाही, खाली चादर घालायची, पायांना डासांचं मलम लावायचं. नखं आधीच बारीक कापा.

कपडे आपण नेहमीच जास्त नेतो. खरं लागतं ते इतकंच: पोहण्याचे दोन-दोन जोड, तेही पूर्ण बाह्यांचे. पाठीला दर दोन तासांनी क्रीम फासण्यापेक्षा अंगात कपडा असलेला बरा. मागे बंद असलेले रबरी बूट हवेत, कारण ओहोटीत उघडे पडणारे प्रवाळ सुरीसारखे कापतात आणि स्लिपर पाण्यात पहिल्या पाच मिनिटांत वाहून जाते. टोपीला हनुवटीखाली नाडी शिवून घ्या. टॉवेलऐवजी पंचे न्या, लगेच वाळतात.

खाण्यासाठी फार धास्ती नको. बेटांवर बंगाली वस्ती मोठी, त्यामुळे भात, डाळ, मासे सगळीकडे. मासे खाणाऱ्यांची चंगळच. आमचा धाकटा मात्र परक्या गावात फक्त पांढरा भात खातो, म्हणून मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली बरोबर होती. मेतकूट तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या नाशिककरांनी उसनं नेलं. भाजके पोहे, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या बोटीच्या दिवसांसाठी ठेवा.

समुद्राबाबत थोडं सविस्तर. कोकणात वाढलेल्या माणसाला तिथीवरून भरतीची वेळ काढता येते: तिथीला पाऊणाने गुणायचं. माझे बाबा अजून तसंच काढतात. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा, अंदमानला तो तसाच लावू नका. तिथल्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक हॉटेलात विचारा आणि त्यावर दिवस बेता. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे ओहोटीही खोल, हे मात्र तिथेही खरं. नीलवरची खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच नीट बघता येते. वाटेतल्या डबक्यांत समुद्रकाकडी, तारामासे, निळे छोटे मासे. आमची पोरं तिथे दीड तास वाकून बसली होती, आणि अख्ख्या सहलीत तेवढ्या वेळात एकदाही 'कंटाळा आला' ऐकू आलं नाही. उलट हॅवलॉकच्या पूर्वेच्या बाजूला ओहोटीत पाणी इतकं मागे जातं की पोहायला उरतच नाही. तेव्हा पोहण्यासाठी हॅवलॉकच्याच पश्चिमेचा राधानगर किनारा.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी ही थट्टा नाही. २०१०मध्ये राधानगरजवळच्या एका खाडीत मगरीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला होता. जाळी लावलेल्या, जीवरक्षक असलेल्या भागातच उतरायचं, पाटी असेल तिथे मुलांना पाण्याजवळही न्यायचं नाही, तिवरांच्या कडेने तर नाहीच. मुलांना मगर सांगताना घाबरवू नका, पण पाटी कशी दिसते ते आधीच दाखवून ठेवा.

पाण्याखालच्या खेळांना वयाची अट असते: समुद्रतळावर चालायला साधारण सात वर्षं, स्कूबाला दहा. नऊ वर्षांच्या मुलीला आधी 'तू स्कूबा करशील हं' असं सांगून बसू नका. मी सांगितलं होतं. तिच्यासाठी स्नॉर्कलिंग ठरलं, म्हणजे चष्मा आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं. भाड्याचे चष्मे मोठ्यांच्या मापाचे असतात, पाणी शिरतं आणि पोर बिथरतं. तिच्या मापाचा घरूनच न्या आणि दोन आठवडे आधी पोहण्याच्या तलावात, नाहीतर बादलीत तोंड बुडवून सराव करून घ्या. लाइफ जॅकेट लहान मापाचं आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. मोठ्यांपैकी कुणी स्कूबा करणार असेल तर तो सुरुवातीच्या दिवसांत उरका; त्यानंतर विमानात बसायला अठरा तास तरी मध्ये जाऊ द्यावे लागतात.

सेल्युलर जेलची तयारी घरीच करावी लागते. मराठी घरातून गेलेलं पोर 'सावरकरांची कोठडी' म्हणत आत शिरतं आणि दहा मिनिटांत पाणी मागायला लागतं, कारण त्याला समोर फक्त रिकाम्या खोल्या दिसतात. आम्ही आदल्या आठवड्यात घरात खडूने साधारण साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद चौकोन आखला आणि थोरलीला त्यात बसवलं. कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, कसा असतो, काथ्या कसा कुटायचा, माणसाला बैलाच्या जागी जुंपत म्हणजे काय, ते सांगितलं. १९०६मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीच्या सात भुजा होत्या, आता तीनच उभ्या आहेत. एका भुजेचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. सावरकर तिथे १९११मध्ये पोचले तेव्हा त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते. हे ऐकल्यावर थोरलीने धाकट्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हाक मारली तरी ऐकू नाही यायची?" तिथे गेल्यावर तिने खरोखर जिन्यात उभं राहून त्याला हाक मारून पाहिली. जिने बरेच आहेत, सासूबाई खालीच पिंपळाजवळ बसल्या. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम हिंदीतला निवडा, आणि त्या दिवशी लहानग्याला दुपारी झोपवा, नाहीतर तो पहिल्याच संवादाला मांडीवर पेंगतो.

शेवटचं, शंख-शिंपले. प्रवाळाचा तुकडा किंवा किनाऱ्यावरचा शंख उचलून आणणं गुन्हा आहे, विमानतळावर बॅगा तपासतात. हवेच असतील तर पोर्ट ब्लेअरच्या सागरिका या सरकारी दुकानातून घ्या आणि पावती जपा. पोरांना पहिल्याच दिवशी 'बघायचं, फोटो काढायचा, होतं तिथेच परत ठेवायचं' हे सांगा आणि रोज संध्याकाळी खिसे तपासा. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. नीलला आमच्या धाकट्याच्या चड्डीच्या खिशातून निघालेला 'छोटुकला शंख' टेबलावर ठेवला, आणि जरा वेळाने तो पाय काढून चालायला लागला. रात्री आठ वाजता टॉर्च घेऊन चौघंजण त्याला किनाऱ्यावर सोडायला गेलो. टॉर्चही यादीत लिहून ठेवा.