24 सप्टेंबरच्या आधी: यंदा रॉकेट नको
आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत 24 सप्टेंबर, म्हणजे मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं तो दिवस, जवळ आला की मुलं पुठ्ठ्याचं रॉकेट करायला बसतात. यंदा रॉकेट नको. मंगळयानाचं उड्डाण 5 नोव्हेंबर 2013 ला पाऊण तासात आटोपलं; मंगळाभोवतीचं रोजचं काम 24 सप्टेंबर 2014 पासून 2022 पर्यंत चाललं. मुलांना ते काम करू द्या.

आधी दोन खोल्या ठरवा, एकमेकींना न दिसणाऱ्या. सातवीचा वर्ग म्हणजे बेंगळुरूचं नियंत्रण केंद्र, मैदानापलीकडची खोली म्हणजे यान. दोन्हीकडची घड्याळं मिळवून ठेवा, सेल नवे घाला. यानाशी बोलणारी, बेंगळुरूजवळच्या ब्याळाळूची 32 मीटरची अँटेना शेजारच्या कन्नड शाळेकडे द्या. त्यांच्या मास्तरांना आठ दिवस आधी जाऊन भेटा. मंगळ दोन्ही भाषांत मंगळच आहे.

दोन खोल्यांमधला संदेश म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठ्या नेणारी पोरं पळणारी नकोत, थांबणारी हवीत. यान कक्षेत शिरलं त्या दिवशी तिथला संदेश इथे पोचायला साडेबारा मिनिटं लागत होती. पोरानं चिठ्ठी हातात धरून तेवढा वेळ व्हरांड्यात उभं राहायचं. विचारून उत्तर येईपर्यंत पंचवीस मिनिटं जातात. हा वेळ कमी करू नका. गेल्या वर्षी मी तो दोन मिनिटांवर आणला आणि मुलं चिठ्ठीवर चिठ्ठी धाडत बसली. यानाला आधीच द्यायच्या आदेशांची वही कुणी उघडलीच नाही.

ती वही आदल्या दिवशीच भरून घ्या. एका ओळीत वेळ आणि एकच काम: 10:20 कॅमेरा मंगळाकडे, 10:35 चित्र, 10:40 कॅमेरा बंद, 10:50 डिश पृथ्वीकडे. यानाची डिश, म्हणजे संदेशाची अँटेना, अंगालाच पक्की बसवलेली होती, बोलायचं तर अख्खं यान वळवावं लागे. त्यामुळे दोन कामं एका ओळीत आली तर ओळ खोडायला लावा. चित्रं काढणाऱ्यांना सांगा, एक फेरी सुमारे 73 तासांची. जवळून गेलं तर जमिनीचा एखादा तुकडा दिसतो, पूर्ण मंगळ लांबूनच. मधे एक तास चिठ्ठ्या बंद ठेवा. जून 2015 मध्ये सूर्य पृथ्वी आणि मंगळाच्या मधे आला होता, तेव्हा यान आधी भरून दिलेल्या आदेशांवर चाललं.

एक चार्जिंगची बॅटरी लागेल. पावसाळ्यात लाईट जाते म्हणून आपल्याकडे ती घरोघर असतेच. ती यानाच्या खोलीत ठेवा आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा: सावली, 1 तास 40 मिनिटं. मंगळाच्या सावलीत यानाला ऊन मिळत नसे, आणि तेवढ्याच सावलीसाठी यानाची बॅटरी केलेली होती. पुढे आठ-आठ तासांची सावली येणार हे आधीच हिशोबात दिसलं, म्हणून 17 जानेवारी 2017 ला आठ छोटी इंजिनं 431 सेकंद चालवून कक्षा बदलली. हा हिशोब आठवीच्या मुलांकडे द्या, त्यांना जमतो.

एप्रिल 2022 मध्ये लांब सावली आली आणि संपर्क तुटला. शेवटच्या तासाला यानाची खोली उत्तर देणार नाही, हे फक्त तिथल्या दोघांना सांगून ठेवा. केंद्रातल्या मुलांना चिठ्ठ्या पाठवू द्या, वेळ नोंदवू द्या. उत्तराचे रकाने कोरे राहतील. पेन्सिलीनंसुद्धा कुणाला भरू देऊ नका.