सेमी-अकॉस्टिक गिटारचा आवाज बिघडला तर घरी काय करायचं

दुकानात सेमी-अकॉस्टिक म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गिटारींची रचना सारखीच असते. ब्रिजवरची (तारा बॉडीवर जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडी तुकड्यावरची) पांढरी पट्टी म्हणजे सॅडल. तिच्याखाली पिएझो पिकअपची, म्हणजे तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारी, बारीक पट्टी असते, तिची वायर बाजूच्या प्रीअँपला (सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटला) जाते आणि तिथून जॅकला, म्हणजे केबल खुपसायच्या भोकाला. आवाज बिघडला की पहिला संशय प्रीअँपवर घेतला जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. बॅटरी, केबल, जॅक, सॅडल या क्रमाने तपासा. प्रीअँपची पाळी अगदी शेवटी.

बॅटरी आणि जॅक

नवी ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी मल्टिमीटरवर ९ च्या थोडी वर दाखवते. ७.५ च्या खाली गेली की जोरात वाजवताना आवाज फाटू लागतो, म्हणून तिथेच बदला. यूएसबीने चार्ज होणाऱ्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या टाळलेल्या बऱ्या. त्यांच्या आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं आणि त्याची बारीक शिट्टी काही प्रीअँपमधून ऐकू येते.

जॅकला तीन संपर्क असतात. केबल आत गेली की तिसरा संपर्क बॅटरीचं सर्किट पूर्ण करतो, म्हणजे जॅक हाच स्विच. केबल रात्रभर लावून ठेवली तर बॅटरी रात्रभर खर्च होत राहते.

केबल हलवली की खरखर येते? आधी दुसरी केबल लावून बघा. तरीही येत असेल तर बहुधा जॅकचा नट ढिला आहे. इथे एक चूक हमखास होते: बाहेरून पान्याने नट पिळला जातो, आतला जॅक त्याच्याबरोबर फिरतो आणि वायरी पीळ पडून तुटतात. पट्टा अडकवायच्या बटणातच जॅक असेल तर बाहेरची टोपी फिरवून काढा. खालच्या नळीला आडवं बारीक भोक दिसेल. त्यात छोटी ॲलन की घालून नळी धरून ठेवा आणि मगच नट आवळा. जॅक वेगळ्या प्लेटवर असेल तर प्लेटचे स्क्रू काढून आतून धरता येतो.

व्हॉल्यूम किंवा टोन फिरवताना खरखर येत असेल तर बॅटरी काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. बिजागरीला मारतो ते तेलकट स्प्रे इथे नकोत; त्यावर धूळ चिकटते.

सतत गुणगुण येते आणि जॅकच्या धातूला हात लावला की थांबते, तेव्हा अर्थिंग तपासा. ॲम्पचा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये खुपसलेला असणं हे आपल्याकडचं नेहमीचं कारण. प्लगची अर्थची पिन कधीही कापू नका.

एकच तार मंद ऐकू येते

केबल न लावता सहाही तारा ठीक वाजतात, ॲम्पवर मात्र एखादी दबते. दोष तारेचा नसतो. सॅडलचा तळ पिकअपवर सगळीकडे सारखा टेकत नाही. हे काम घरी नीट होतं, फक्त घाई नको.

सगळ्या तारा पूर्ण ढिल्या करा आणि ब्रिजच्या पिना काढा. सॅडलच्या बारीक तारेकडच्या टोकाला पेन्सिलने खूण करा, म्हणजे बसवताना उलटं होणार नाही. कापड गुंडाळलेल्या पकडीने ते सरळ वर ओढा. खाचेतली धूळ कोरड्या ब्रशने काढा, पण पिकअपची पट्टी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. ती मोडली की दुरुस्त होत नाही.

आता सॅडलच्या तळावर पेन्सिलने गिरगटून घ्या. सपाट काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर पसरा, सॅडल चौकोनी लाकडी ठोकळ्याला टेकवून उभं धरा आणि हलक्या हाताने घासा. शिसं सगळीकडून सारखं निघालं की तळ सपाट झाला. कुठे डाग उरला असेल तर तिथे खड्डा आहे.

सॅडल खाचेत बोटाच्या दाबाने बसायला हवं. ठोकून बसवावं लागलं तर ते बाजूंना अडकतं आणि तारांचा दाब खाली पोचतच नाही. अशा वेळी तळ नाही, बाजू घासायच्या. कागदाची घडी खाली सारणं हा तात्पुरता उपाय आहे, त्याने आवाज बोथट होतो. नवीन सॅडल घ्यायचंच असेल तर पिएझोसाठी हाडापेक्षा कृत्रिम चांगलं, कारण हाडाची घनता जागोजागी बदलते.

ॲक्शन: जुलैत सॅडल घासू नका

ॲक्शन म्हणजे फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, तारांची उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजा. जाड ई तार सुमारे २.५ मिमी आणि बारीक ई २ मिमी, हे बहुतेकांना सोयीचं पडतं. सॅडल जितकं घासाल त्याच्या निम्मं बाराव्या फ्रेटवर उतरतं. ३ वरून २.५ वर यायचं तर सॅडलमधून १ मिमी काढायचा. पण ब्रिजच्या वर सॅडल किमान २ ते ३ मिमी उरायला हवं, नाहीतर तारांचा कोन कमी होऊन पिकअपवरचा दाबच घटतो.

त्याआधी मानेचा बाक बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, मान जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर जाड ई दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट मोजा. ०.१५ ते ०.३ मिमी ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतला, बाक कमी-जास्त करणारा धातूचा दांडा) घड्याळाच्या दिशेने एका वेळी पाव फेरा फिरवा, तार पुन्हा सुरात लावा, मग मोजा. की बरोबर मापाचीच हवी; सैल कीने नटाचे कोपरे झिजले की काम कारागिराकडेच जातं.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, ब्रिजमागची फळी वर येते आणि ॲक्शन आपोआप वाढते. तेव्हा सॅडल घासलं तर डिसेंबर-जानेवारीत फळी बसते आणि तारा फ्रेटवर झणझणू लागतात. घासलेलं परत येत नाही. त्याऐवजी गिटार केसमध्ये ठेवा, आत आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर टाका आणि कापडी पिशवीत सिलिका जेल ठेवून आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आणा. नागपुरात एप्रिल-मेमध्ये उलटं होतं: लाकूड आटतं, फ्रेटची टोकं बाहेर बोचतात, फळीला चीर जाऊ शकते. तिथे भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवा.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सारून बघा. एक-दोन मिलिमीटरपेक्षा आत शिरला तर ब्रिज सुटतो आहे. तारा लगेच ढिल्या करा आणि गिटार कारागिराकडे न्या. फटीत फेविक्विक ओतलं तर पुढे नीट चिकटवणं त्यालाही जड जातं.

खरंच पिकअप गेला असेल तर

गिटार ॲम्पला लावून प्रत्येक तारेखालच्या जागी सॅडलवर पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलकं टकटक करा. अर्धी बाजू मुकी असेल आणि सॅडल नीट बसलेलं असेल तर पट्टी तुटली आहे. अजिबातच आवाज नसेल तर आधी प्रीअँपच्या मागे बघा. अनेक स्वस्त प्रीअँपमध्ये पिएझोची वायर हेडफोनसारख्या बारीक पिनने जोडलेली असते आणि ती नुसती निसटलेली असू शकते. नवीन पट्टी घेताना खाचेची रुंदी, लांबी आणि पिनचं माप लिहून न्या. पट्टी लांब निघाली तर कापू नका आणि तिच्या जवळ सोल्डरिंगची उष्णता नेऊ नका. जॅक, पिन, बॅटरी क्लिप असे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात.