बाळाला घेऊन मान-पाठ-मनगट दुखतंय? आधी हे बदलून बघा

बाळ झाल्यावर अंग दुखलं की सगळे म्हणतात अशक्तपणा आलाय, पण खरं सांगू का, बऱ्याचदा खरा त्रास वाकून बसण्याचा असतो. नवीन बाळ दिवसाला 8 ते 12 वेळा पितं, एका वेळेची 20-25 मिनिटं धरली तरी रोजचे तीन ते पाच तास आपण मान खाली घालून बसतो, आणि त्यात गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे सांधे सैल झालेले, पोटाचे स्नायू ताणलेले, मग कंबरेला आधार कुठून मिळणार.

म्हणून पाजताना एकच लक्षात ठेवा, आपण बाळाकडे वाकायचं नाही, बाळाला आपल्याकडे आणायचं. पाठ टेकून बसा, कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी, पाय अधांतरी राहत असतील तर खाली स्टूल, आणि मांडीवर उशा घ्या, एक कमी पडली तर दोन, बाळ छातीच्या उंचीला आलं पाहिजे. बाळाचं पोट आपल्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर, तोंड मोठं उघडलं की पटकन जवळ घ्या. प्यायला लागलं की एकदा खांद्यांकडे लक्ष द्या, कानापर्यंत चढलेले असतात बघा, ते खाली सोडा. बाटलीने पाजत असाल तरी हेच, फक्त दर वेळी हात बदला.

आता अंगठा. माझा दुसऱ्या महिन्यात असा धरला की बाटलीचं झाकण फिरवताना डोळ्यात पाणी यायचं, आणि मी आपली मलम चोळत बसले. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला झुकवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर डी क्वेर्वेन असू शकतं, म्हणजे तिथल्या स्नायुबंधाच्या आवरणाला सूज. अंगठे ताणून काखेत धरून बाळ सारखं उचललं की हे वाढतं. त्यापेक्षा तळवे वर करून एक हात ढुंगणाखाली, एक मान-पाठीखाली, असं ओंजळीत घेतल्यासारखं उचला. कळ जात नसेल तर डॉक्टरांना विचारून अंगठ्यासकट मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे आधाराचा पट्टा, लावा, दुखणं अंगावर काढू नका प्लीज.

पाळण्यातून काढताना आधी बाळाला स्वतःच्या जवळ सरकवा, गुडघे वाकवा, श्वास सोडत उचला. डायपर कंबरेच्या उंचीवर बदला, पण एक हात कायम बाळावर. कडेवर घेताना कमरेची बाजू बदलत रहा.

मध्ये मध्ये हनुवटी हलकेच मागे घ्या, खांद्यांमागची दोन्ही पाती एकमेकांजवळ आणून 5 सेकंद धरा, असं 8-10 वेळा. सिझर झालं असेल तर पोटाचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि पाय बधिर किंवा लुळा पडतोय, लघवी-संडासवर ताबा राहत नाही, पाठदुखीबरोबर ताप आहे, किंवा एकच पोटरी सुजून दुखतेय, यातलं काही असेल तर व्यायाम वगैरे सोडा, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, बाळाला कोणाकडे तरी द्या आणि निघा.