सुकेत: मालवणी टोपातला कातालान रस्सा

स्पेनच्या कातालोनिया भागातल्या बार्सेलोनात १७८६ पासून चालू असलेलं ‘कान कुल्येरेतेस’ किंवा १८३६ चं ‘सेत पोर्तेस’, अशा जुन्या खाणावळींतले रस्से बहुधा दोन गोष्टींवर उभे असतात. सुरुवातीला सुफ्रेझित, म्हणजे कांदा-टोमॅटोची दमाने परतलेली बैठक, आणि शेवटी पिकादा, म्हणजे बदाम-लसणाचं कुटलेलं वाटण. तिथल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा सुकेत हा माशाचा रस्साही असाच. आपल्याकडे वाटण आधी पडतं, त्यांचं शेवटी. हे उलटसुलट झालं की चव हुकते.

चार माणसांना ८०० ग्रॅम मासा, इंचभर जाड तुकड्या. तांबोशी, गोब्रा किंवा हलवा घ्यावा. बांगडा, तारली नकोत. त्यांच्या तेलापुढे बदाम लागतच नाही. सुरमई चालते, पण पटकन कोरडी पडते. कोळणीकडून डोकं मागून घ्या आणि कल्ले काढून टाका, नाहीतर पाणी कडवट होतं. डोकं आणि पाव किलो कोळंबीची सालं सव्वा लिटर पाण्यात मंद आचेवर २० मिनिटं ठेवून गाळा. तासभर उकळत ठेवण्यात फायदा नाही.

सुफ्रेझितला घाई चालत नाही. पाच चमचे ऑलिव्ह तेलात (शेंगदाण्याचं चालेल, खोबरेल नाही) दोन कांदे अगदी बारीक चिरून, चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर २५ मिनिटं परता. अलिबागचा पांढरा कांदा गोडसर असतो, तो इथे छान. मग तीन पिकलेले टोमॅटो किसून घाला; साल हातात राहते, ती फेका. गरम पाण्यात भिजवलेल्या दोन ब्याडगी मिरच्यांचा गर सुरीच्या पाठीने खरवडून त्यात टाका, बिया नकोत. आणखी १५ ते २० मिनिटांनी पाणी आटतं, कडेला तेल सुटतं आणि रंग जांभ्याच्या चिऱ्यासारखा होतो. आच वाढवली तर कांद्याच्या कडा जळतात, आत तो कच्चाच राहतो आणि रस्सा उग्र लागतो. मागाहून साखर घालून ते सुधारत नाही.

आता बटाटे, ६०० ग्रॅम, जुने. सुरी अर्ध्यापर्यंत घालायची आणि मनगट वळवून तुकडा मोडायचा. ‘कट्ट’ असा आवाज आला पाहिजे. त्या खडबडीत तोंडातून पीठ सुटतं, रस्सा दाट होतो. गुळगुळीत फोडी केल्या की रस्सा पाणचट. बटाटे दोन मिनिटं परतून वर बोटभर येईल इतकं मघाचं गाळलेलं पाणी गरम करून ओता आणि सुरी जेमतेम शिरेपर्यंत, साधारण १५ मिनिटं, शिजवा.

तोवर पिकादा. कालच्या लादीपावाची एक चकती आणि लसणाच्या दोन पाकळ्या तेलात सोनेरी तळा. पाव कच्चा राहिला तर लगदा होतो. खलबत्त्यात आधी लसूण-मीठ, मग सोललेले २० बदाम, पाव, आठ-दहा केशरकाड्या आणि मूठभर पार्सली कुटा. पार्सली नसेल तर कोथिंबिरीची चार पानं, देठ नको. दारात काजू असले तरी इथे नकोत, गोडवा फार होतो. मिक्सरमध्ये पेस्ट होते; वाटण रवाळ हवं. दोन पळ्या रस्सा घालून ते सैल करा.

बटाटे होत आले की पिकादा घाला. आधी घातला तर बदाम-पाव तळाशी बसून लागतो. मग दहा मिनिटं मीठ लावून ठेवलेल्या तुकड्या, पाच-सहा मिनिटं. शेवटच्या दोन मिनिटांत सोललेली कोळंबी. चमचा घालू नका, तिखल्याला करतो तसे टोपाचे कान धरून हलवा. गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा.

कोकम, तिरफळ, ओलं खोबरं घालायचा हात आवरा. घातलं तर वाईट लागणार नाही, पण ती आपलीच कढी होईल. सोबत भात नको, पाव. उरलंच तर तुकड्या बाहेर काढून आधी नुसता रस्सा गरम करा आणि मग त्या परत सोडा; सगळं एकत्र उकळलं की माशाचा चुरा होतो.