धुरा पेटवताय? आधी तितराचं घरटं बघा

अक्षय तृतीया झाली की आमच्या वऱ्हाडात रोज संध्याकाळी कोणत्या ना कोणत्या दिशेला धूर दिसतो. नांगरट आटोपलेली असते, पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडं) उपटून कोपऱ्यात रचलेली असते, आणि हात रिकामे झाले की धुऱ्यावरचं, म्हणजे वावराच्या बांधावरचं, वाळलं गवत डोळ्यांत खुपायला लागतं. एक काडी लावली की दहा मिनिटांत धुरा साफ. मीही कितीतरी वर्षं हेच करत आलो.

एका उन्हाळ्यात असाच धुरा पेटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी राख तुडवत चाललो होतो, तर हिवराच्या बुडाशी बशीएवढ्या खळग्यात सहा अंडी. दोन तडकलेली, बाकीची एका अंगानं काळवंडलेली. मादी दहा-बारा पावलांवर बोरीखाली उभी होती. मी जवळ गेलो तरी उडाली नाही, नुसती चालत बाजूला झाली. तितर असाच, जिवावर आल्याशिवाय पंख उघडत नाही.

गावाच्या वरच्या अंगाला फासेपारध्यांचा, म्हणजे फासे लावून शिकार करत आलेल्या समाजाचा, बेडा (वस्ती) आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांची माझी जुनी बैठक. तरुणपणी त्यांनी फासे लावले, पुढे सोडले. आता त्यांची नातवंडं शाळेत जातात. त्यांना मी अंड्यांचं सांगितलं आणि थोडं डिवचायला म्हणून विचारलं, "बाबा, तितूर कमी झाला तो तुमच्याच फाशांनी ना?" ते बराच वेळ विडी फिरवत बसले. मग म्हणाले, "फाशानं सरला असता तं माह्या आज्याच्या वक्तालेच सरला असता, भाऊ. तितूर धुऱ्यानं सरला."

फासे लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तो आजही गुन्हाच आहे, त्यात मागंपुढं काही नाही. पण रानाची नाडी ज्यांनी पोटासाठी पाहिली त्यांचं निरीक्षण टाकून देण्यासारखं नसतं. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले यांच्या शिकारीच्या चालीरीतींचा अभ्यास केला होता. फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं, ही फासेपारध्यांची रीत त्यांनी नोंदवून ठेवली आहे. आज अकोला-वाशीमकडे याच समाजातली मंडळी 'संवेदना' संस्थेच्या सोबतीनं गवताळ माळ आणि तिथला दुर्मीळ पक्षी तणमोर राखायचं काम करतात.

शिकारीच काळजीत पडलेत असं तिकडे अमेरिकेतही झालंय. तिथला पक्षी म्हणजे रानटर्की, आपल्या मोराच्याच दूरच्या भाऊबंदकीतला, तितरासारखाच जमिनीवर अंडी घालणारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकार आणि जंगलतोडीनं तो जवळजवळ संपला होता. मग १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लावणारा कायदा झाला. पुढे जाळी टाकून पकडलेले पक्षी राज्याराज्यांत नेऊन सोडले आणि शतक संपेपर्यंत टर्की लाखांच्या घरात गेली. एवढं सगळं करून आता गेली काही वर्षं दक्षिणेकडच्या आणि मिसुरीसारख्या राज्यांत ती पुन्हा उतरणीला लागली आहे, आणि आधी ओरड केली ती शिकाऱ्यांनी. जॉर्जियानं २०२२ मध्ये वसंतातला हंगाम उशिरा सुरू केला आणि एका शिकाऱ्यामागे ३ नरांची मर्यादा २ वर आणली. पुढच्या वर्षी टेनेसीनंही तेच केलं.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. तिथली वनखाती जुलै-ऑगस्टमध्ये लोकांना सांगतात, माद्या मोजा आणि मागची पिल्लं मोजा. एका मादीमागे साधारण दोन पिल्लं पडली तर कळप टिकतो, त्याखाली गेलं की घसरतो. मोठे पक्षी किती दिसले याला फारशी किंमत नाही. आणि पिल्लं का जगत नाहीत, याची त्यांची उत्तरं ऐकून मला आमचे बाबा आठवले. अंडी उबवायच्या दिवसांत होणारी चाऱ्याची कापणी, पिल्लांना चालता येईल असं विरळ गवत न उरणं, अंडी खाणारे रॅकून आणि रानडुकरं. डुकरांच्या बाबतीत तरी ते आणि आपण एकाच नावेत आहोत.

आता आपलं काम. तितराची वीण मुख्यतः एप्रिल ते सप्टेंबर. मादी काटेरी झुडपाच्या किंवा गवताच्या बुडाशी खळगा करून सहा-आठ अंडी घालते आणि १८-१९ दिवस उबवते. पावश्या लावा (तितराहून लहान पक्षी) आणि रंगीत तितर पाऊस पडल्यावर विणीला लागतात. म्हणजे आपली धुरा जाळणी, पेरणी, डवरणी (पिकाच्या ओळींमधली कोळपणी), मूग-उडदाची तोडणी, सगळं नेमकं त्यांच्या बाळंतपणात येतं.

पहिली गोष्ट, वैशाखात धुरा जाळू नका. आगीशी माझं वैर नाही. अमेरिकेत पाईनच्या जंगलात टर्कीसाठी मुद्दाम आग लावतात, कारण जळल्यावर कोवळं गवत येतं, कीटक वाढतात आणि पिल्लांना फिरायला मोकळं होतं. चूक असते ती वेळेची. जाळायचंच असेल तर पौष-माघात, शेजाऱ्याला सांगून, पाण्याचा ड्रम आणि दोन माणसं जवळ ठेवून. तेही एका वर्षी अर्धा धुरा, उरलेला अर्धा पुढच्या वर्षी. आता मे उजाडलाय, तर यंदा काडीपेटी घरीच ठेवा. वाट अडते तिथलं गवत विळ्यानं कापा, तेही आधी काठीनं हलवून बघून.

तणनाशकाचंही तेच. जाळायचं सोडलं आणि पंप पाठीवर घेतला तर तितराच्या दृष्टीनं फरक काय पडला? धुऱ्यावर फवारणी झाली की गवतासोबत त्यावरचे नाकतोडे, अळ्या, किडे जातात. तितराचं पिल्लू पहिले काही आठवडे जवळजवळ कीटकांवरच वाढतं, दाणा त्याला नंतर चालतो. मोठा तितरही वाळवी आणि भुंगेरे आवडीनं टिपतो. फुकटात मिळणारा हा मजूर आपणच उपाशी मारतो.

आणि धुरा मुळात उरलाय किती? माझ्या वडिलांच्या वेळी आमच्या आणि शेजारच्या वावरामध्ये बैलगाडी उभी राहील एवढा धुरा होता. त्यावर बोरी, हिवर, पळस, तरोटा, पवन्या. ट्रॅक्टर आल्यापासून दोघांनीही दर नांगरटीला वीतभर कोरला. आता त्यावरून एकामागे एक असंच चालावं लागतं. कोरलेल्या धुऱ्यानं वावर किती वाढलं? दोन-तीन तासांचं, म्हणजे पेरणीच्या दोन-तीन ओळींचं. त्यापायी भावाभावांत कोर्टाच्या तारखा मात्र वर्षानुवर्षं चालतात. यंदा पेरणीला दोन्ही बाजूंनी एकेक तास सोडा. शेजारी ऐकत नसेल तर आपल्या बाजूनं तरी. मी सोडला तेव्हा शेजाऱ्यानं पहिल्या वर्षी त्यातला अर्धा नांगरून घेतला. दुसऱ्या वर्षी त्यालाच लाज वाटली असावी, नाहीतर ट्रॅक्टरवाला बदलला असावा.

पेरणीच्या दिवशी एक गोष्ट जपा. सोयाबीनला खोडमाशीसाठी थायमेथोक्झाम या कीटकनाशकाची बीजप्रक्रिया करतो, कपाशीचं बियाणं तर लाल-गुलाबी होऊनच येतं. बीजप्रक्रिया सोडा असं मी म्हणणार नाही, त्यानं पुढच्या फवारण्या वाचतात. पण तासाच्या टोकाला पेरणीयंत्र उचललं की मूठभर दाणे वरच पडतात. तितर, लावा, मोर पहाटे तिथेच येतात. लहान पक्ष्याला असे थोडे दाणेही बाधतात. टोकाच्या आडव्या तासांची पेरणी शेवटी करा आणि सांडलेलं बी त्याच दिवशी वखरानं मातीआड करा. रिकाम्या पिशव्या धुऱ्यावर झटकू नका. फोरेट या कीटकनाशकावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, जुना डबा गोठ्याच्या माळ्यावर असेल तर तो वावरात आणायचा नाही.

डवरणीत घरटं सापडलं तर अंड्यांना हात लावू नका, घरी आणून कोंबडीखाली ठेवू नका. घरट्यापाशीच खुंटी ठोकली तर कावळ्याला आयता पत्ता मिळतो. म्हणून चार पावलं दूर, तासाच्या रेषेत एक काडी रोवा आणि तेवढा तुकडा तीन आठवडे सोडून द्या. त्या तुकड्यात तण माजेल, माजू द्या. पिल्लं बाहेर पडली की त्याच दिवशी चालू लागतात, मग खुशाल खुरपा. एकटं पिल्लू दिसलं म्हणून उचलू नका, आई गवतातच असते.

कुत्र्याबद्दल लिहिलं की लोक रागावतात. पण माझ्या पाहण्यात तितराच्या पिल्लांचा फाशाहून मोठा शत्रू म्हणजे राखणीचं मोकळं कुत्रं. जून ते सप्टेंबर सकाळी आणि संध्याकाळी त्याला साखळीला ठेवा. रात्री रानडुकरांसाठी सोडलंत तर चालेल. मुंगूसही अंडी खातं, पण ते रानाचंच आहे, त्याच्या मागे लागू नका.

सोंगणीकडे मात्र नीट लक्ष द्या. हार्वेस्टरवाल्याची सवय असते वावराच्या कडेनं सुरू करून गोल गोल आत यायची. लावा, तितर, ससा, जे काही आत असतं ते सरकत सरकत मधल्या शेवटच्या पट्ट्यात गोळा होतं आणि तिथे सगळं एकदम संपतं. मी डोळ्यांनी पाहिलंय, शेवटच्या फेरीत कुटारासोबत (भुशासोबत) पिसं उडताना. त्याला सांगा, उलटं चालव. मधून सुरू करून बाहेर ये, किंवा एका बाजूनं सुरू करून धुऱ्याच्या, नाल्याच्या दिशेला सरकत जा. शेवटच्या दोन फेऱ्यांआधी एक माणूस पट्ट्यातून टाळ्या वाजवत पुढे जाऊ द्या. पंधरा मिनिटं जातात. तो कुरकुरेल, कारण दसऱ्याच्या सुमारास त्याला दहा गावांचे फोन असतात, पण पैसे आपण देतो. रात्री दिवे लावून सोंगणी टाळता आली तर टाळाच, प्रकाशात पक्षी जागचा हलत नाही. आंतरपीक तूर असेल तर सोयाबीन गेल्यावर तीच त्यांचं छप्पर होते, माघापर्यंत. निव्वळ सोयाबीन पेरणाऱ्यांनी धुऱ्यालगत चार तास तुरीचे टाकले तरी पुरतात.

पडीक माळावरचं गवत कापताना एक वीत बुडखा ठेवा आणि मध्ये मध्ये पट्टे सोडा. दिवाळीनंतर कापलं तर अधिक बरं. अकोला, वाशीम, अमरावतीकडच्या माळांवर पावसाळ्यात तणमोर येऊ शकतो. कोंबडीएवढा पक्षी, नर काळ्या मानेचा, डोक्यामागे पिसांचे तुरे, आणि गवताच्या वर सारखा उड्या मारतो. राजस्थानात अजमेरजवळच्या सोनखलिया भागात तर तो शेतांतच विणीला येतो. २०२१ पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. दिसला तर मोबाईल घेऊन मागे धावू नका, मोबाईलच्या गटावर ठिकाण टाकू नका. वनखात्याला कळवा आणि त्या बाजूची कापणी मागे ठेवा.

शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर काठावरून पाण्यापर्यंत काथ्याचा दोर किंवा पोत्याची पट्टी सोडा. पिल्लू घसरलं तर चढून येतं. भुईमुगावर बारीक नायलॉनची जाळी अंथरत असाल तर ती सैल लोंबू देऊ नका.

सगळं झाल्यावर मोजायचं. जुलै ते सप्टेंबर, सकाळी वावरात जाताना पांदणीवर (वावराकडे जाणाऱ्या वाटेवर) जे दिसेल ते घरच्या कॅलेंडरवर लिहा, माद्या किती आणि मागे पिल्लं किती. ओरडण्यावरून मोजू नका. 'कटीतर-तीतर' करणारा एक नरही पहाटे चार-पाच असल्यासारखा वाटतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पांदणीवर तीन माद्या होत्या आणि सात पिल्लं. खुशीत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी विडी पेटवली आणि म्हणाले, "आता कायले मोजता? दिवाळीले मोजजा." दिवाळीला मी मोजली तेव्हा चार उरली होती.